अर्ध्या फीची पारख

जपानी तलवार हातात घेतली की सबनीस ओठांत कागदाची घडी धरत. श्वासाची वाफ लागली तरी पात्याला डाग पडतो म्हणे. कागद तोंडात असेपर्यंत हा माणूस मला सहन व्हायचा. कागद निघाला की जीभ बाहेर यायची, आणि तिची धार पात्याहून वाईट.

सबनीस जुन्या तलवारींचे पारखी, तुंगार्लीच्या तळ्यामागे त्यांचा बंगला. मी कार्ल्याच्या रस्त्यावर चिक्की विकत विकत जुन्या वस्तूंच्या धंद्यात आलेला. "या, कार्ल्याचे सरदार," म्हणून ते मला पायरीवरच उभं करत. वडिलांची आठवण म्हणून जपलेली तलवार घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्याला माझ्यादेखत म्हणाले, "आजोबा, ही तुमच्यापेक्षा वयानं लहान आहे."

एका विकायला काढलेल्या बंगल्यात मला एक जपानी तलवार मिळाली. मुंबईच्या गिऱ्हाइकानं शब्द दिला, सबनीस खरी म्हणाले तर घेतो. तेवढ्या पैशात भाड्याचं दुकान माझं झालं असतं. सबनीसांनी फी सांगितली. घासाघीस केल्याशिवाय मला अन्न पचत नाही. म्हणालो, "अर्धी देतो."

ते हसले. "चालेल. अर्ध्या फीत अर्धं सांगीन."

कागद ओठांत धरून त्यांनी पातं उजेडात फिरवलं, धारेलगतची धुक्यासारखी लाट निरखली. "पातं अस्सल. हातानं घडवलेलं, कुठं चीर नाही. झालं तुझं अर्धं." मला वाटलं, मी जिंकलो.

गिऱ्हाईक दिवाळीत येणार होतं. त्याआधी खंडेनवमी आली. आमच्यात हत्यार घासूनच पुजतात. बांबूची खुंटी काढून मूठ सोडवली, तर आत दडलेला पात्याचा बुडखा गंजानं काळाठिक्कर. आई म्हणाली, "आरं, द्येवापुढं गंजकं हत्यार ठिवतुस व्हय?" मग चिंच, राख, वरून पॉलिश पेपर. बुडखा ताटासारखा लखलखला.

दिवाळीत गिऱ्हाईक सबनीसांनाच दुकानात घेऊन आलं. त्यांनी मूठ काढायला लावली. बुडखा पाहिला आणि तोंडातला कागद सावकाश काढला.

"तलवारीचं वय या गंजात असतं. घडवणाऱ्याची सही यातच कोरलेली असते. सरदारांनी दोन्ही घासून काढलं."

गिऱ्हाईक चहा न घेता गेलं. माझ्या हातातला कप भिंतीवर फुटला. "आधी का नाही सांगितलंत?"

"ते दुसऱ्या अर्ध्यात होतं."

दुकान अजून भाड्याचंच आहे. ती तलवार भिंतीवर लटकते. पर्यटक तिच्यासोबत सेल्फी काढतात.

गेल्या वर्षी सबनीस गेले. मला वाईट वाटलं नाही. महिन्याभरानं सबनीसवहिनींचा फोन आला, यांची स्वतःची तलवार विकायचीय, बघून जा. वाटेत मी मनाशी ठरवलं, मुठीला हात लावायचा नाही. "पातं बरं आहे," एवढंच म्हणायचं आणि पडेल भावात उचलायची.

पहिल्यांदाच पायरी ओलांडून आत गेलो. टेबलावर पांढऱ्या कापडावर तलवार होती. मूठ आधीच काढून बाजूला ठेवलेली. बुडख्यावर काळा, मखमली गंज. त्यात सही स्वच्छ कोरलेली.

"हे सांगून गेलेत," वहिनी म्हणाल्या, "सरदार आले की अर्धंच बोलतील. दुसरं अर्धं तू आधी उघडून ठेव."

मग त्यांनी कागदाची घडी माझ्यापुढे धरली. "हा तोंडात धरा. भाव नंतर करा."