नवरीशिवाय झालेलं केळवण

पोलिसातली बहुतेक प्रकरणं मी फाईलबरोबरच बंद केली. हे एक मात्र निवृत्त झाल्यापासून जास्तच आठवतं.

ओहायोत खेळांवरच्या सट्ट्याला कायद्यानं परवानगी मिळाली आणि माझी बदली राज्याच्या तपास पथकात झाली. काम सांगायला सोपं होतं. परवाना असलेल्या बेटिंग कंपनीला एखादी पैज संशयास्पद वाटली तर तिनं ती सरकारला कळवायची, नाहीतर तिचाच परवाना धोक्यात. त्या पैजेमागचा माणूस आम्ही शोधायचा. लोकांना वाटतं, असा माणूस अंधाऱ्या कोपऱ्यात कुजबुजत असतो. माझ्या अनुभवात तो बहुधा जेवून सोफ्यावर रेलून बसलेला सज्जन असतो.

एका सोमवारी असाच अहवाल आला. एका छोट्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ मोठ्या फरकानं हरेल, यावर शनिवारी दुपारी एकामागून एक पैजा लागल्या होत्या. एरवी त्या संघाच्या वाटेला कोणी जात नाही. रविवारी सामन्याच्या जरा आधी जाहीर झालं की त्यांचा मुख्य खेळाडू गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळणार नाही. संघ मोठ्या फरकानंच हरला. पैज लावणाऱ्यांना ही बातमी आदल्या दिवशीच कळलेली होती, हे उघड होतं. बेटिंगच्या ॲपला फोनचं ठिकाण समजतं. सगळे फोन ओहायोतल्याच डब्लिन गावातल्या एकाच घरात होते.

सार्जंटनं खातेदारांची आडनावं वाचून पाहिली, जीभ वळेना, तेव्हा कागद माझ्याकडे सरकवला. हे सगळे तुझे चुलतभाऊ का, म्हणाला. मी हसलो. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो, पण ओळीनं सगळी मराठी आडनावं होती.

पहिल्यांदा घराच्या मालकाला बोलावलं. सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या पदावर, पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट. चौकशीला दोघांनी बसायचं असा आमचा नियम. प्रश्न माझा सहकारी विचारत होता. गृहस्थ शांत होते. मित्र जेवायला आले होते, टीव्हीवर खेळ चालू होता, गंमत म्हणून पैज लावली, इतकंच. सगळ्यांचा अंदाज एकच कसा, असं विचारल्यावर ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "एकानं लावली की बाकीचे लावतातच यार. तुम्हाला माहितीये आपली माणसं."

जेवण कशाचं होतं, मी विचारलं. मित्राच्या मुलीचं केळवण होतं म्हणाले. सहकाऱ्यानं 'पार्टी' असं लिहून घेतलं आणि तो पुढच्या प्रश्नाकडे निघाला. मला सहज वाटलं म्हणून मी विचारलं, नवरीला काय काय आवडलं?

"ती आली नव्हती."

माझ्या सहकाऱ्याला यात काहीच वावगं वाटलं नाही. मला वाटलं. जिचं केळवण तीच नसेल, तर केळवण पुढे ढकलतात. स्वयंपाक होऊन गेला होता म्हणून पाहुणे जेवले, इथपर्यंत ठीक. पण आयत्या वेळी नवरी येत नाही, आणि 'काम आहे' एवढ्यावर पहाटेपासून ओट्याशी उभी असलेली यजमानीण गप्प बसते, हे होत नाही. तिला तसंच वजनदार कारण लागतं.

"का नाही आली?"

त्यांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि इंग्रजीत म्हणाले, मला वकील हवा.

ती मुलगी त्याच संघाबरोबर ट्रेनर म्हणून काम करत होती. खेळाडूंच्या दुखापती बघणं हीच तिची नोकरी. हे कॉलेजच्या वेबसाइटवरच सापडलं. आता प्रश्न एवढाच होता की बातमी तिनं विकली, की तिच्या तोंडून गेली. विकली असेल तर गुन्हा. पण तिनं सांगितली हे सिद्ध व्हायला माणूस हवा होता, आणि पैजवाले सगळे वकिलाआड गेले होते.

मी सहकाऱ्याला घेऊन मुलीच्या आईकडे गेलो. रेकॉर्डर चालू केला, बोलायचं बंधन नाही हे इंग्रजीत सांगितलं. बाईंनी दोघांपुढे चहा ठेवला. पैजांचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. त्यांनी एकच विचारलं.

"माझ्या मुलीला काही होणार नाही ना, भाऊ?"

"खरं सांगा ताई. काही होणार नाही."

त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी मुलीचा फोन आला की येता येत नाही. आई म्हणाली, त्यांनी साडी आणून ठेवलीये, मी कोणत्या तोंडानं सांगू? नीट कारण दे. मुलगी म्हणाली, मुख्य खेळाडूचा गुडघा गेलाय, त्याला स्कॅनला न्यायचंय, कोणाला बोलू नकोस. आईनं फक्त यजमानीणबाईंना सांगितलं, त्यांचा राग जावा म्हणून. त्यांनी ते पंगतीत सांगितलं, मुलीबद्दल कोणाचा गैरसमज नको म्हणून. श्रीखंड संपलं आणि पुरुषांनी फोन काढले.

मुलीनं ऑफिसात येऊन तेच सांगितलं. तिचा फोन, बँकेचे व्यवहार, सगळं स्वच्छ होतं. पैज लावणाऱ्यांवर राज्यात सट्टा खेळायला बंदी आली, जिंकलेली रक्कम गेली. मुलीवर गुन्हा दाखल झाला नाही. पण बातमी कुठून फुटली ते कॉलेजला कळवणं आमच्यावर बंधनकारक होतं. मी कळवलं. कॉलेजनं तिला काढून टाकलं.

हे असं होणार, हे मला चहा पितानाच माहीत होतं. आईच्या जबाबाचं इंग्रजी भाषांतरही मीच केलं. त्यात माझं वाक्य 'काळजी करू नका' असं झालं. कोणी विचारलं नाही.

बातमी फुटली की कळवायचं, हा नियम बरोबर आहे, असंच मी आजही म्हणेन. नाहीतर समोर सरळपणे पैज लावणारा फसतो, जखमी खेळाडूचं दुखणं बाजारात जातं. कॉलेजला तो अहवाल मी पुन्हा पाठवीन. पण साक्षीदाराला धीर देताना वचन देऊ नये, हे अकादमीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. ते मला त्या घरी कळलं.

निवृत्तीनंतर त्या बाई भारतीय किराणा दुकानात भेटल्या. मुलीचं लग्न झालं, म्हणाल्या. मग हळू आवाजात विचारलं, "मी बोलले नसते, तर तिची नोकरी राहिली असती?"

"हो ताई. बहुतेक राहिली असती."

मुलगी अजून नीट बोलत नाही, म्हणाल्या. तिला वाटतं, आईला कुठे गप्प बसावं कळत नाही. येऊन सांगाल का तिला?

मी गेलो. मुलगी समोर बसली होती. मी काय म्हणालो होतो आणि मला काय माहीत होतं, दोन्ही सांगितलं. ती माझ्याकडे बघेना. आईकडे वळून तिनं अडखळत्या मराठीत विचारलं, "त्यांनी शब्द दिला होता, हे तू मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार?" आई म्हणाली. "हे आपलेच वाटले होते गं."