गोजराबाईची चुकलेली चाल

शरणपूरच्या गोजराबाईला राग यायला कारण लागत नसे. दूधवाला उशिरा आला तरी राग, लवकर आला तरी राग. ती दवाखान्यात आया होती आणि तिथले डॉक्टरसुद्धा तिला वचकून असत. तिला गप्प करणारा माणूस एकच, धाकटा भाऊ देवराम. तो सातपूरला कारखान्यात कामाला होता आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. गोजराबाईचा आवाज खणखणीत आणि चाल कायम चुकलेली. भर उपासनेत देवराम पेटी थांबवून ओरडायचा, "आक्का, चाल!" सगळे हसायचे. घरी आल्यावर ती त्याच्यासमोर भांडी आपटायची.

१९७९ साली देवराम विझत गेला. कोणी मेलं नव्हतं, नोकरी गेली नव्हती, आणि हेच लोकांना पटेना. लोकांना ताप कळतो, खोकला कळतो. धडधाकट माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहतो म्हटलं की त्यांना त्याच्यात पाप दिसायला लागतं. नाशिक रोडच्या डॉक्टरांनी मनाचा आजार सांगून गोळ्या दिल्या. देवरामची बायको सुमन त्या वेळच्या वेळी देत होती.

चर्चच्या मंडळीतली माणसं संध्याकाळी घरी प्रार्थनेला येऊ लागली. त्यात वाईट काहीच नव्हतं. पण मंडळीचा कारभार बघणारे वडील सावळीराम मास्तर एकदा उठता उठता म्हणाले, "देवराम, प्रार्थनाही करतोस आणि गोळीही घेतोस. मग भरवसा नक्की कशावर?" देवरामने गोळ्या मोरीत ओतल्या. पुढे दोन-तीनदा त्याने अंगण झाडलं, तेवढ्यावर मास्तरांनी जाहीर करून टाकलं की रविवारी देवराम साक्ष देणार. बरं झालेल्याने मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची, ही जुनी रीत.

देवराम उभा राहिला. ओठ हलले, शब्द फुटेना. त्याने समोरचा बाक धरला.

"बोल, बोल, सैतान अडवतोय तुला," मास्तर म्हणाले.

बायकांच्या बाजूने गोजराबाई उठली. "खाली बस, देवराम. नाय झाला हा बरा! साक्ष पाहिजे ना तुम्हाला? मी देते. मास्तर, तुमचा पाय मोडला तेव्हा दवाखान्यात तुमचं घाणीचं भांडं मी उचललंय. तेव्हा प्लास्टर नको म्हणाला होता का? तेव्हा कुठं होता भरवसा?" मग तिने वेदीकडे तोंड केलं. "आणि देवा, तूही ऐक. माझ्या भावाचं असं झालं आणि तू गप्प बसलास, हे मला पटलेलं नाय. पण तुझं दार मी सोडत नाय. बघू कोण आधी थकतं!"

ती भावाला घेऊन तडक घरी आली. संध्याकाळी मास्तर दारात उभे होते. "बाई, माझं चुकलं."

"मग बसा. तोंडातून शब्द काढू नका. या वाटाण्याच्या शेंगा सोला."

मास्तर बसले. पुढे गोळ्या आणायला तेच बसने नाशिक रोडला जाऊ लागले. शेजारची नवसाबाई सुमनच्या पोरांना जेवू घाली. कारखान्यातला मंगळू पाळी सुटली की येऊन देवरामची दाढी करी. उपदेश करायची कोणाची छाती नव्हती.

गोजराबाई रोज त्याच्या खाटेशी बसून गीत म्हणायची, मोठ्याने आणि चुकीचं. देवराम तिला थांबवत नसे. तिला खरी भीती वाटायची ती याचीच. आपला भाऊ परत येणार नाही, या विचाराने तिचा संताप होई आणि ती आणखी मोठ्याने गाई.

हिवाळा सरत आला होता. मास्तर शेंगा सोलत होते, सुमन पोळ्या लाटत होती. गोजराबाईने गीत सुरू केलं आणि नेहमीच्या जागी चुकली.

"आक्का, चाल!" भिंतीकडून आवाज आला. बारीक, पण चिडलेला.

सुमनचं लाटणं थांबलं.

"मग ऊठ ना मुडद्या! वाजवून दाखव!" गोजराबाई ओरडली आणि तिला रडू कोसळलं.

देवराम काही उठला नाही. पडल्या पडल्या त्याने बोटाने भिंतीवर ठेका धरला. गोजराबाईने पदराने डोळे पुसले आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, मुद्दाम चुकवून.