अर्थशास्त्र राहिलं होतं तेव्हा

इंग्रजीत मी पास झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या गल्लीत कोणाला ते खरं वाटलं नव्हतं. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, सगळं सुटलं. राहिलं ते अर्थशास्त्र, तेही पाच मार्कांनी. पुस्तकाला हात लावण्याआधीपासून ज्या विषयाची मी शेखी मिरवत होते, नेमका तोच विषय.

बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरताना मी नवऱ्याला म्हणाले होते, “भाजीपाला इकनाऱ्या बाईले अर्थशास्त्र कोन शिकवीन?” तो पिकअप चालवतो आणि बोलतो कमी. निकालाच्या दिवशी त्यानं मोबाइल माझ्या हातात दिला आणि गाडी धुवायला निघून गेला. गाडी सकाळीच धुतलेली होती.

मी सोनाळ्याला अंगणवाडीत मदतनीस आहे. पोरं घरोघरून गोळा करून आणायची, झाडझूड करायची, खिचडी शिजवायची आणि वाढायची, एवढं माझं काम. दुपारी दीडला मी मोकळी होते. सेविकाबाई मात्र त्यानंतरही घरभेटी, मोबाइलवरच्या नोंदी, मीटिंगा करत फिरत असतात. त्या लवकरच निवृत्त होणार होत्या, आणि मदतनीस बारावी पास असेल तर त्या जागेसाठी तिचा विचार आधी होतो, असं त्यांनीच मला सांगितलं. माझं शिक्षण दहावीनंतर लग्नानं थांबलेलं. अकरा वर्षं त्या पोरांची सगळी गाणी मी चुलीपाशी उभी राहून ऐकली. मला ती शिकवायची होती. पोरं मला ‘खिचडीवाली बाई’ म्हणायची. प्रेमानंच म्हणायची, पण मला ते लागायचं.

म्हणून फॉर्म भरला. आणि अभ्यासाला वेळ कुठला, तर दुपारी दोननंतरचा, जेव्हा सासूबाई आणि मी शेताच्या बांधावर गोणपाट टाकून मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसायचो. या कामाला दोघी लागतात. एकीनं निवडून जुडी सारखी करून द्यायची, दुसरीनं बांधायची. हात मोकळे नसायचे, म्हणून पुस्तक टोपल्याला टेकवून ठेवायचं आणि मी मोठ्यानं वाचायचं.

सासूबाई शाळेत कधी गेल्या नाहीत. पण आठवडी बाजारात त्या माझ्या वयाहून जास्त वर्षं बसतात, आणि ऐकलेल्या कोणत्याही गोष्टीवर निकाल दिल्याशिवाय त्यांना राहवत नाही. इतिहास त्यांनी मुकाट्यानं ऐकला. राज्यशास्त्र ऐकताना त्यांना डुलकी लागायची. अर्थशास्त्र निघालं आणि त्या सरसावून बसल्या.

मी वाचलं, वस्तूची किंमत वाढली की तिचा पुरवठा वाढतो.

“खोटं हाय हे,” त्या म्हणाल्या. “कोनं लेह्यलं? त्यानं कधी सांबार इकला काय? भाव कवा वाढते? माल नसला तं वाढते. पान्यानं वाफे सडले का भाव वाढते. मंग पुरवठा कुठून वाढीन?”

मला पटलं. कोणालाही पटलं असतं.

किंमत कमी झाली की मागणी वाढते, हे वाचलं तेव्हा त्या हसल्याच. दिवस कलायला लागल्यावर आपण भाव उतरवला की गिऱ्हाईक जुडी उलटीपालटी करून बघतं आणि शिळी आहे समजून शेजारच्या पालावर जातं, हे त्यांनी मला दोन-चार गिऱ्हाइकांच्या नकला करून दाखवलं. मग आला घटत्या सीमान्त उपयोगितेचा नियम. एकच वस्तू लागोपाठ वापरत गेलं की प्रत्येक पुढच्या नगापासून मिळणारं समाधान कमी होत जातं, असं पुस्तकाचं म्हणणं.

त्यांनी जुडी खाली ठेवली. “दिवसभर निंदून आलेल्या बाईले इचार. पहिली भाकर तं पोटात गेलेली समजतच नाई. चव लागते दुसरीले.”

पूर्ण स्पर्धेत विक्रेते पुष्कळ असतात आणि एकट्यादुकट्याला भाव ठरवता येत नाही, एवढं एकच वाक्य त्यांनी पास केलं. “हाव, हे खरं हाय,” म्हणाल्या, आणि पुस्तक लिहिणाऱ्याबद्दल त्यांचं मत थोडं बरं झालं.

पेपरात निम्मे प्रश्न ‘आपण सहमत आहात का, सकारण लिहा’ या जातीचे होते. मला वाटलं, देवच पावला. कारणं काय, माझ्याकडे टोपलीभर होती. भराभर लिहीत गेले. जिथं तिथं ‘सहमत नाही’. सांबार, सडलेले वाफे, उतरलेल्या भावाची जुडी, दुसरी भाकर. पुरवणी मागून घेतली. बाहेर आल्यावर नवऱ्याला म्हणाले, “यात तं मी पयली येते.”

निकालानंतर मी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली. तपासणाऱ्याचं चुकलं असणार, याची मला खात्री होती. ती आली आणि मी एकेक पान उलटून पाहिलं. जिथं मी पुस्तकातलं लिहिलं होतं तिथं मार्क होते. जिथं सासूबाईंचं लिहिलं होतं तिथं शून्य, आणि एका पानावर तर नुसतं प्रश्नचिन्ह.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे माहेरी-सासरी सगळ्यांना माहीत आहे. मी ती पानं घेऊन तडक बांधावर गेले. सासूबाई टोपली धूत होत्या.

“तुमच्या बोलण्यापायी नापास झाली मी, आत्याबाई,” मी म्हणाले. “शाळेचं तोंड नाई पाह्यलं न् पुस्तकाले खोटं म्हनता.”

त्यांनी टोपली पालथी घातली आणि त्या वाफ्यांकडे निघून गेल्या. तो शब्द तोंडातून निघाला त्याच क्षणी मला त्याची लाज वाटली, पण माफी मागायचीही एक सवय असावी लागते, ती मला नव्हती. त्यानंतर आम्ही जुड्या बांधत राहिलो, पण मी वाचायला लागले की त्या उठून पाणी बघायला जायच्या. पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता. पुस्तक उघडलं की मला झोप यायची. ज्याच्यावर कोणी भांडत नाही असा धडा किती कोरडा लागतो, ते मला तेव्हा कळलं.

मग एका बाजाराच्या दिवशी अर्थशास्त्राच्या मॅडम आमच्या पालावर आल्या. त्या ज्युनिअर कॉलेजात शिकवतात आणि सासूबाईंचं ठरलेलं गिऱ्हाईक आहेत. मी निवडत असलेल्या पालकाकडे बघत राहिले. नापास झालेल्याला विषयाची बाई समोर आलेली आवडत नाही. तेवढ्यात सासूबाईंनी गोणपाटाखालून माझ्या उत्तरपत्रिकेची पानं काढली. घरातून त्यांनी ती कधी घेतली, मला पत्ता नव्हता.

“हिचा पेपर पाहून द्या जरा, मॅडम,” त्या म्हणाल्या. “माह्या बोलन्यानं पोरगी नापास झाली. कुठी चुकलं तेवढं सांगा.”

मॅडम तिथंच रिकाम्या कॅरेटवर बसल्या. वाचता वाचता त्या हसायला लागल्या, आणि दुसऱ्या भाकरीपाशी पोचल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काकू, तुमचं म्हणणं चूक नाही,” त्या म्हणाल्या. “पण प्रत्येक नियमाला एक अट असते, ती हिनं वाचलीच नाही. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तर. पाऊस तोच, खर्च तोच, लोकांची आवड तीच. फक्त भाव बदलला, तर काय होईल?”

“असं कुठी असते काय?”

“कुठंच नसतं. पण असं बघा, वाफ्याला नवं खत घालून पाहायचं असलं तर तुम्ही बियाणंही त्याच दिवशी बदलता का?”

सासूबाईंनी थोडा विचार केला. “नाई. मंग समजन कसं, कायनं काय झालं ते?”

“तेवढंच आहे नियमात,” मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “आधी नियम लिही, अट लिही. मग तुझ्या सासूबाईंना बोलू दे.”

पालकाचे पैसे त्या दिवशी सासूबाईंनी मॅडमकडून घेतले नाहीत. त्या तरीही ठेवून गेल्या ते वेगळं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक परत टोपल्याला टेकवलं. “आत्याबाई, चुकलं माह्यं त्या दिवशी,” म्हणाले. म्हणायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही.

“वाच,” त्या म्हणाल्या.

तिथून अभ्यासाची पद्धत बदलली. मी नियम वाचायचा. त्या विचारायच्या, “बाकी तसंच?” मी म्हणायचं, बाकी तसंच. मग त्या मान डोलावून नियम मान्य करायच्या, आणि लगेच म्हणायच्या, “आता बाकी बदलव.” मग पाऊस यायचा, वाफे सडायचे, लग्नसराई निघायची, शेजारच्या पालावर कोणी भाव पाडायचा. गंमत म्हणजे त्यांचा एकेक आक्षेप मी पुस्तकात शोधला, तर जवळपास प्रत्येक कुठल्या ना कुठल्या मथळ्याखाली सापडला. हवामान पुरवठ्याच्या घटकांत होतं. लग्नसराई मागणीच्या घटकांत होती. भाकरीचं उत्तरही सापडलं, नगाचा आकार योग्य हवा असं गृहीतकच होतं. ते वाचून दाखवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “मंग भाकर लहान असन त्याची.”

जूनमध्ये त्यांनी मेथीसांबाराचे बहुतेक वाफे मोडले आणि तिथं वांग्याची रोपं लावली. मला नवल वाटलं, कारण आमचं पाल पालेभाजीसाठीच ओळखलं जातं. मी विचारलं तर म्हणाल्या, “लावू यंदा वांगे.” मी लगेच डोकं चालवलं. पर्यायी पिकाची किंमत वाढली की शेतकरी तिकडं वळतो, धड्यात होतंच. वांग्याला भाव आला असणार. इतकं चपखल उदाहरण घरातच मिळालं म्हणून मी ते वहीत लिहून ठेवलं.

पुरवणी परीक्षेला पुरवठ्यावर प्रश्न आलाच. मी आधी नियम लिहिला, अट लिहिली, मग घटक, आणि शेवटी आमच्या शेतातली वांगी लिहिली.  शेवटच्या पाच मिनिटांत लिहायचं काही उरलं नव्हतं, हे मला पहिल्यांदाच घडत होतं.

निकाल लागला तेव्हा मी अंगणवाडीत भांडी घासत होते. नवऱ्याचा फोन आला. “झालं,” तो म्हणाला, “अर्थशास्त्रात एकसष्ट.” सेविकाबाईंनी तिथल्या तिथं मला अर्जाचा नमुना काढून दिला. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. मी अर्ज हातात घेऊन तशीच शेतात गेले.

सासूबाई वांगी तोडत होत्या. पहिलाच तोडा होता. मी पास झाल्याचं सांगितलं. “हाव,” म्हणाल्या, आणि पदरानं तोंड पुसलं. मला हसू फुटत होतं. मी म्हणाले, “तुमचे वांगे लेह्यले मी पेपरात. भाव वाढला म्हनून मेथी सोडून वांगे लावले, असं.”

“वांग्याले कुठी होता वं भाव तवा?” त्या म्हणाल्या. “मातीमोल चाललं होतं वांगं.”

“मंग काऊन लावले?”

“मेथीच्या जुड्या बांधाले दोन बाया लागतात. वांगे मी एकटी तोडते.” त्या खाली बघूनच बोलत होत्या. “तुले आता दुपारून घरोघरी फिरा लागीन. वह्या, मीटिंगा. मी कोनाची वाट पाहू?”

मी हिशेब केला. रोपं जूनमध्ये लावली होती. परीक्षा जुलैत झाली.

“पन तवा तं माहा पेपरही व्हाचा होता, आत्याबाई.”

त्यांनी काट्यांतून हात सांभाळत आणखी एक वांगं तोडलं आणि टोपलीत टाकलं.

“रोप काय निकाल पाहून लावतेत?” त्या म्हणाल्या. मी अर्ज छातीशी धरला आणि वाफ्याच्या कडेला बसून पोटभर रडले.