चाकूंच्या काचपेट्या

लग्न होऊन मी शहाद्याला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत सामान फारसं नव्हतंच. हे जिनिंगमध्ये कारकून होते. शेती कळसाडीला, ती दीर बघायचे. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की यांना घरी येऊन नीट जेवायलाही सवड नसे. भुवयांवर, कानांत, सदऱ्याच्या शिवणीत कापसाचे तंतू घेऊन घरी यायचे आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचे. होळीनंतर जिनिंगची यंत्रं थांबली की मात्र दुपारपासून मोकळे.

अशाच एका उन्हाळ्यात ते नंदुरबारहून बैलगाडीत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी भलंमोठं घेऊन आले. मी कधीची जाळीचं कपाट मागत होते, दुधावर झाकण ठेवून ठेवून कंटाळले होते. मला वाटलं, आलं कपाट. पदर खोचून पुढे झाले. गोणपाट सोडलं तर आतून निघाली उतरत्या काचेची एक पेटी. एक काच तडकलेली, मागचं दार बिजागरीतून निखळलेलं, आणि आत फाटकी लाल मखमल.

"हाई काय शे?" मी विचारलं.

"चाकूनी पेटी."

"आनि चाकू?"

"चाकू नहीत. पेटीच शे."

कळसाडीहून आलेल्या सासूबाई ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होत्या. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मन्हा पोऱ्या येडा व्हई गया."

तो दुसऱ्या महायुद्धाचा, आमच्या बोलण्यात लढाईचा, काळ होता. त्याआधी विलायती मिटते चाकू आमच्या भागातसुद्धा सर्रास मिळायचे. शेतकऱ्याच्या बंडीच्या खिशात चाकू हा असायचाच. दुपारी शेतात कांदा कापायला, उसाचं कांडं सोलायला, दोरी तोडायला, नखं काढायला. मोठ्या दुकानांत हे चाकू ठेवायला कंपनीचीच काचपेटी यायची. चांगल्या लाकडाची, उतरत्या काचेची, काचेवर सोनेरी अक्षरं. आत मखमलीवर चाकू पंख्यासारखे मांडलेले, अर्धे उघडे, अर्धे मिटलेले. लढाई लागली, बोटी थांबल्या, चाकू येईनासे झाले. होते ते विकले गेले, आणि पेट्या दुकानदारांनी माळ्यावर टाकल्या किंवा मिळेल त्या कामाला लावल्या.

आमच्याकडे आलेल्या पेटीत दुकानदाराने सुक्या मिरच्या भरल्या होत्या. यांना ते बघवलं नाही. इतकं सुंदर काम, आणि त्यात मिरच्या! मी ती मखमल काढायला घेतली आणि दोघं जे शिंकायला लागलो, ते शेजारच्या बायका गोळा होईपर्यंत. डोळे पुसता पुसता हे हसत होते. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं, पण त्यांना एवढं मोकळेपणी हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. त्या दिवसापासून पेटी माझीही झाली.

काम आम्ही करून करूनच शिकलो. जुन्या रोगणावर तेलाचे, धुळीचे थर बसलेले असत. ते हलक्या हाताने घासून काढायचे. मग स्पिरिटमध्ये लाख विरघळवून, मलमलीच्या चिंधीत कापूस बांधून, त्याने गोल गोल हात फिरवत राहायचं. आमच्याकडे कापसाला तोटा नव्हता, पण त्या दिवसांत स्पिरिट मिळणं कठीण. यांच्या ओळखीचे एक डॉक्टर होते, ते बाटलीच्या तळाशी उरलेलं द्यायचे. लाकडाचा तुकडा निघाला असेल तर सुतार सातपुड्यातल्या सागवानाचा बेमालूम तुकडा बसवून द्यायचा. जवसाच्या तेलात खडूची भुकटी मळून हे काच पक्की करायचे. सोनेरी अक्षरांना मात्र हातही लावायचे नाहीत. जेवढी उरली तेवढी राहू दे म्हणायचे.

प्रश्न होता मखमलीचा. लढाईत साधं लुगडं मिळायची मारामार, तिथे मखमल कुठली? मला आठवलं, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची झूल शिवणारे बसतात. त्या वर्षी आम्ही यात्रेला गेलो तेव्हा हे सवयीने घोडे बघत राहिले आणि मी सरळ खोगीरवाल्यांच्या रांगेत शिरले. एका म्हाताऱ्याकडे जुन्या झुलीचे तुकडे होते, गडद लाल, कडेला जर उसवलेली.

"कोणता रंगना घोडा शे, ताई?" त्याने विचारलं.

"घोडा नही, बाबा. पेटी शे."

त्याला काही उलगडेना. मग मी त्याला सगळं सांगितलं. त्याने गाठोडं सोडून सगळे तुकडे चटईवर पसरले आणि माझ्याबरोबर बसून एकाच छटेचे निवडून दिले. घरी आणल्यावर त्यांना घोड्याच्या घामाचा वास होता. रिठ्याच्या पाण्यातून काढले, सावलीत वाळवले, तरी तो वास थोडा राहिलाच. अजूनही कुठे घोडा जवळून गेला की मला ती पेटी आठवते.

खळीत मोरचूद घालून मी ती मखमल चिकटवली, म्हणजे कसर लागू नये. पेटी पुरी झाली तेव्हा आम्ही ती खिडकीखाली ठेवली. आत काहीच नव्हतं. पण सकाळचं ऊन उतरत्या काचेतून मखमलीवर पडलं की घर भरल्यासारखं वाटायचं.

मग पेट्यांचा नादच लागला. लोणखेड्याला एका घरी पेटी असल्याचं कळलं म्हणून हे सायकलवरून गेले. पेटी होती, पण तिच्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. घरच्या बाईने पेटी द्यायचं कबूल केलं, पण म्हणाली, "आते नही. कोंबडी बशेल शे." मग पिल्लं निघेपर्यंत हे जाता-येता लोणखेड्याला डोकावायचे. जिनिंगमधली माणसं यांना विचारायची, "काय साहेब, निघनात का पिल्लं?" अखेर पेटी आली ती पिसांसकट. ती साफ करताना आमची जी अवस्था झाली ती सांगण्यासारखी नाही, पण लाकूड मात्र आत अगदी निरोगी निघालं.

या सगळ्यांत एक पेटी आमच्या घरी कधी आलीच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त आठवते ती तीच.

शहाद्याच्या बाजारात एका म्हाताऱ्या दुकानदाराचं कटलरीचं दुकान होतं. कात्र्या, अडकित्ते, कुलपं, कंदिलाच्या काचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या दुकानात दर्शनी भागात एक मोठी पेटी होती, रिकामी. तिच्यात त्यांनी मिरच्या ठेवल्या नव्हत्या की दुसरं काही. तिचं लाकूड वाळवीने पोखरत आणलं होतं, एका बाजूचा पाय बसला होता. यांनी पेटी मागितली तर काका नाही म्हणाले. यांनी दुसऱ्या महिन्यात पुन्हा विचारलं, काका पुन्हा नाही म्हणाले. तिसऱ्या खेपेला मीही बरोबर होते. मी म्हटलं, "काका, वाळवी लागेल शे. पावसाळामा पडी जाई."

काकांनी पेटीच्या बसलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पेटी आठेच ऱ्हाई. तुम्ही आठे या, आठेच करा."

पेटी दुकानातच राहणार, आपल्याला मिळणार नाही हे स्पष्ट होतं. मी यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "चाली." आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुपारी दुकानात जाऊन बसायला लागलो. माझं असं बाजारात बसणं काही बायकांना खटकलं. पण काकांनी आमच्यासाठी दुकानाच्या मागच्या बाजूला पडदा लावून जागा करून दिली, आणि त्यांच्या घरून रोज चहा यायला लागला. हळूहळू लोकांचं बोलणंही थांबलं.

वाळवीचं लाकूड काढून नवं बसवून झालं, पाय सरळ झाला. मखमलीची पाळी आली. मी यात्रेतून आणलेला तुकडा मापाने कापून तयार ठेवला होता. जुनी मखमल विटून फिक्या मातकट रंगाची झाली होती. मी तिच्या कडेखाली बोटं घातली, तेवढ्यात काकांनी हात पुढे केला.

"ऱ्हाऊ दे, माय."

मी थांबले. त्यांनी पेटी उजेडाकडे वळवली. तेव्हा मला दिसलं. सगळी मखमल उन्हाने विटली होती, पण जिथे वर्षानुवर्षं चाकू ठेवलेले होते तिथे तिचा मूळचा गर्द रंग शाबूत होता. एकेका चाकूची आकृती जशीच्या तशी उमटलेली, पातं, मूठ, मुठीची कडीसुद्धा. काका मांडणी कधी बदलत नसत. गिऱ्हाइकाला खालच्या खणातून काढून द्यायचे, पेटीतला चाकू जागचा हलत नसे. लढाईत शेवटी तेही विकावे लागले.

काका बोट फिरवत सांगायला लागले, "आठे दोन पातीवाला. आठे बाईसना, धाकला. आठे शिंगनी मूठना."

ते सांगताना त्यांचा आवाज अगदी कोवळा झाला होता. मी कापलेला तुकडा घडी करून पिशवीत ठेवला. मग जुनी मखमल हळूच सोडवली, मऊ ब्रशने झटकली, मागून नवं कापड लावून जिथे विरली होती तिथे बारीक टाके घातले आणि पुन्हा होती तशी बसवली. एवढं जपून मी माझा शालूसुद्धा कधी हाताळला नव्हता.

पेटी पुरी झाली त्या दिवशी बाजार होता. काकांनी ती पुढे मांडली. रिकामी पेटी मांडून म्हातारा बसलाय बघून लोक थांबायला लागले. कळसाडीकडचा एक शेतकरी कुलूप घ्यायला आला होता. तो काचेवर वाकला आणि बघतच राहिला.

"काका," तो म्हणाला, "मन्हा चाकू आठलाच ना?"

"आठलाच," काका म्हणाले.

त्याने बंडीतून चाकू काढला. मुठीचं एक शिंग तुटून तिथे बाभळीचं लाकूड बसवलेलं. काकांनी मागचं दार उघडलं. त्या माणसाने चाकू उघडून त्या जातीच्या आकृतीवर नेमका ठेवला. मूठ बरोबर बसली. पातं मात्र दगडावर घासून घासून इतकं झिजलं होतं की त्याच्या दोन्ही बाजूंनी गर्द मखमल दिसत होती.

"बारीक व्हई गया," तो लाजल्यासारखा म्हणाला.

"काम करेल शे त्यानी," काका म्हणाले.

मग दुसरा एक जण पुढे आला. मग आणखी एक. कुणीतरी समोरच्या हॉटेलात जाऊन सांगितलं, तिथले दोघं-तिघं उठून आले. एका म्हाताऱ्या बाईने कमरेच्या पिशवीतून सुपारीबरोबर ठेवलेला छोटा चाकू काढला आणि "मन्हा कोठे?" म्हणून विचारलं. काकांनी तिची जागा दाखवली. दुपार कलेपर्यंत पेटी जवळजवळ भरली. एकही चाकू नवा नव्हता, एकाचीही मूठ धड नव्हती. दोरी गुंडाळलेले, टोक मोडलेले, गंजाचे डाग पडलेले. काका गिऱ्हाइकं सोडून पेटीपाशीच उभे होते. हे काचेवरचे लोकांच्या बोटांचे डाग धोतराच्या टोकाने पुसत होते आणि मी पडद्याआडून बघत होते. माझे डोळे भरून आले, पण कुणाला दिसू दिलं नाही.

बाजार उठायला लागला तशी माणसं आपापला चाकू न्यायला परत आली. यांना वाईट वाटलं. ते कळसाडीच्या माणसाला म्हणाले, "एक दिवस ऱ्हाऊ दे ना, भाऊ."

तो म्हणाला, "सकाय वावरमा काय दात वापरू?"

सगळे हसले. काकाही हसले. एकेकाचा चाकू काढून, पुसून, मिटून त्यांनी हातात दिला, जसा कधीकाळी पहिल्यांदा दिला असेल तसा. दिवेलागणीला पेटी पुन्हा रिकामी झाली. आम्ही निघालो तेव्हा काकांनी यांचा हात दोन्ही हातांत धरला.

पुढच्या हिवाळ्यात काका गेले. बातमी ऐकून हे जेवले नाहीत. काकांच्या मुलाने दुकानात बांगड्या, रिबिनी, फण्या ठेवायला सुरुवात केली. यांनी पेटीबद्दल विचारलं नाही आणि मीही सुचवलं नाही. एकदा संक्रांतीआधी मी बांगड्या भरायला तिथे गेले. पेटी दर्शनी भागातच होती. मखमलीवर हिरव्या, लाल काचेच्या बांगड्या मांडल्या होत्या, आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेतून चाकूंच्या आकृत्या दिसत होत्या. दोन मुली काचेवर बोट टेकून कोणत्या घ्यायच्या यावर भांडत होत्या.

घरी येऊन मी यांना सांगितलं. हे एका नव्या पेटीला रोगणाचा हात देत बसले होते. हात थांबवून त्यांनी विचारलं, "भाव करी ऱ्हायन्या व्हत्यात का पोरी?"

"भांडी ऱ्हायन्या व्हत्यात."

"मंग दुकान चांगलं चाली ऱ्हायनं," ते म्हणाले, आणि मला बांगड्या दाखवायला सांगितल्या.