खंडेनवमीचं बटण

खंडेनवमीला महाळुंग्याच्या त्या कारखान्यात सगळी मशिनं बंद करून पुजायची रीत. हार आले, नारळ आला, पण मेंटेनन्समधल्या तनुजाचा जीव काही थाऱ्यावर नव्हता.

आदल्या दिवशी पॅकिंग लाइनवरचा, खोक्यांचे बारकोड वाचणारा स्कॅनर मेला. नवा लावला, तर कॉम्प्युटरमधला ड्रायव्हर, म्हणजे स्कॅनर चालवणारा प्रोग्रॅम, त्याला ओळखीना. नव्याचा ओळख-नंबर त्याला ठाऊकच नव्हता. तनुजानं चालू कॉम्प्युटरमध्येच ड्रायव्हरला तो नंबर देऊन टाकला, अन् लाइन पळाली. पण असा दिलेला नंबर कॉम्प्युटर बंद झाला की पुसला जातो. कायमचा लिहायचा तो घाईत राहूनच गेला. सुट्टीनंतर लाइन अडली, तर मेंटेनन्समधली पहिली बाई म्हणून तिच्याच नावानं शिमगा होणार.

पूजेसाठी सुपरवायझर गेनूअण्णांनी कॉम्प्युटरच्या बटणाकडं हात नेला.

"थांबा अण्णा! काम अर्धंच झालंय."

"अगं, काल तर झालं म्हनलीस?"

"चालू हाय तवर झालं. बंद केलं की इसरतंय त्ये."

"नारळ ताटकळलाय, तनुताई!" मागनं कुणीतरी ओरडलं.

"ताटकळू दे. त्याची काय बस चुकतीया व्हय?"

कॉम्प्युटर सुरू होताना जी फाइल वाचतो, तिच्यात तिनं नंबर लिहिला अन् कॉम्प्युटर स्वतःच बंद करून चालू केला. स्क्रीन काळीच. शेवटी स्कॅनरचा दिवा लागला. तिनं स्कॅनरखाली एक खोका धरून पाहिला, परत पाहिला, तिसऱ्यांदा उचलला.

"आता तरी बंद करू का?" अण्णा म्हणाले.

"करा. पर सुट्टीनंतर पयलं बटण मीच दाबनार."