गल्लीतली पिंड आणि गौरीचा ताप

देवाच्या दारी आलेला माणूस कधी ताटकळत राहत नाही, असं आमच्याकडे प्रवचनांत फार गंभीरपणे सांगतात. मी सोलापुरातल्या एका गल्लीत, देवाच्या दारी, अर्धी दुपार ताटकळलो आहे. सावलीसुद्धा नव्हती.

तेव्हा माझी सात वर्षांची मुलगी गौरी तापाने झिजत चालली होती. ताप कधी यायचा, कधी नाही. त्याला ना वेळ, ना वळण. प्लीहा वाढली होती, रक्त कमी होत होतं. एक दिवस डॉक्टरांनी आवाज खाली आणून सांगितलं, पुण्याला नेऊन हाडातली मज्जा तपासून घ्या. डॉक्टर आवाज का खाली आणतात हे मला ठाऊक आहे. गंमत अशी, की शहरातल्या मुलांना होणारा हिवताप हाच माझ्या अभ्यासाचा विषय. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी पिंपं, हौद, टाक्या, आणि त्यांत सुखाने वाढणारा डास. हाच डास आता आफ्रिकेतल्या शहरांत पोचला आहे आणि तिथले संशोधकही लहान मुलांची बोटं टोचत त्याचा माग काढताहेत. सोलापुरी चादरीनंतर आपल्याकडून इतक्या दूर गेलेलं दुसरं काही मला आठवत नाही. साहजिकच गौरीचं रक्त मी स्वतः तपासलं होतं, एकदा नव्हे, अनेकदा. काच दर वेळी स्वच्छ, जंतू एकही नाही. तिला हुडहुडी भरलेली घरात कुणी पाहिली नव्हती. मी हिवताप मनातून काढून टाकला आणि पुण्याची तयारी सुरू केली.

माझी आई, जिला घरात सगळे अव्वा म्हणतात, तिने वेगळी तयारी केली. आमच्या गावात नि गावाभोवती सिद्धरामेश्वरांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं आहेत. काही मोठ्या देवळांत आहेत, काही बोळात कुणाच्या मोटारसायकलीमागे. गौरीला घेऊन तिथे बेल वाहीन, असा नवस ती बोलली होती. मी म्हटलं, आजारी पोरीला उन्हात कुठे फिरवतेस? अव्वा म्हणाली, "गावभर लोकांच्या पिपांत डोकं घालत फिरतोस की! एकदा देवाच्या दारात घाल. आणि सगळी न्हाय रे, आपल्या बाजूची तेवढी." त्या सकाळी गौरीला ताप नव्हता. वाद घालायचं त्राण माझ्यातही नव्हतं.

विणकरांच्या वस्तीतल्या एका लहानशा देवळाशी आलो तर जाळीच्या दाराला कुलूप. आतली पिंड दिसत होती, हाताला लागत नव्हती. मी म्हणालो, इथूनच नमस्कार करू आणि निघू. अव्वा पायरीवर बसलीच. "किल्लीवाला जेवायला गेला असंल. थांब की जरा. देवाला कुटं जायचंय?" मी घड्याळ पाहिलं, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो, त्या कुलपाला मनातल्या मनात बरंच बोललो. किल्लीवाला काही येईना. आणि मग, रणरणत्या उन्हात, गौरी माझ्या मांडीवर कुडकुडू लागली. दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. हजार मुलांच्या आयांकडून ऐकलेली ती हुडहुडी मी प्रथमच माझ्या हातांत धरली होती.

समोरच्या घरातून एक बाई पळत आली. मागच्या खोलीत माग चालू होता, ती तेलुगूत कुणालातरी ओरडली आणि तो थांबला. "अवो, पोरगी गारठलीय! आत आणा की," म्हणत तिने कोरी चादर गौरीभोवती गुंडाळली. घरोघरी रक्त तपासायला नेतो ती पाहणीची पिशवी सवयीने माझ्या खांद्याला होती. थंडी ओसरून अंग तापायला लागलं तसे मी काच, सुई, कापूस काढले. गौरी डोळे न उघडता म्हणाली, "बाबा, इथं पण टोचणार?"

त्या संध्याकाळी प्रयोगशाळेत मी काचेवर वाकलो. फिकट गुलाबी पेशींचं ते शांत मैदान मी आयुष्यभर पाहत आलो आहे. त्यात एका पेशीत एक निळी अंगठी होती, तिला लाल खडा. मग दुसरी. मग आणखी. माझ्या मुलीच्या जिवावर उठलेला तो हिवतापाचा जंतू इतका सुंदर होता, की मी काच पुढे सरकवायला विसरलो. याला औषध आहे, साध्या गोळ्या आहेत, पुण्याला जायला नको, हे कळायला थोडा वेळ लागला. मी उठून उभा राहिलो. नमस्कार कुणाला करावा हे सुचेना, म्हणून सूक्ष्मदर्शकालाच केला.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. एक काच स्वच्छ निघाली म्हणून हिवताप नाही असं मानू नका, ताप चढताना पुन्हा रक्त घ्या, हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. पण ती हुडहुडी, ती पायरी आणि माझी पिशवी एका जागी कुणी आणली, ते मला शिकवता येत नाही. शरण जाणं म्हणजे गुडघे टेकणं, असं मी समजत होतो. आता वाटतं, ते निघून जायची घाई सोडणं असावं. माझ्या बुद्धीने मला तिथून केव्हाच हलवलं असतं. कुलपाने थांबवलं. त्या कुलपापाशी झालो तितका कृतज्ञ मी आजवर कुठल्याही मूर्तीपाशी झालेलो नाही.

गौरी खडखडीत बरी झाल्यावर आम्ही तिघं चादर धुऊन परत द्यायला आणि राहिलेला बेल वाहायला गेलो. दाराला कुलूप होतंच. अव्वा पायरीवर बसली. या वेळी मीही न कुरकुरता शेजारी बसलो.

बाई घरातून बाहेर आली. "बसलात का हितं? जा की आत."

"कुलूप हाय की, बाई," अव्वा म्हणाली.

बाईने पुढे होऊन एका बोटाने कुलूप कडीतून उचललं. "ह्याची किल्ली कवाच हरवली. कुत्री शिरतात म्हणून नुसतं अडकवतो."