खोटा काटा

काटेवाल्यांनी उभा जन्म लोकांचे वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवला. एखादा दुकानदार हळूच म्हणायचा, "थोडा आमच्या बाजूनं झुकवा की." काटेवाले पाना खाली ठेवून त्याला सरळ दार दाखवायचे. माणूस तिरसट, पण काट्याशी बेइमानी नाही.

बायकोची मूत्रपिंडं निकामी झाल्यापासून त्यांना एकच काटा उरला होता, तिच्या खाटेशेजारी खुंटीला टांगलेला. दिवसातून चारदा तिच्या पोटातल्या नळीतून दोन लिटर साखरेचं औषधी पाणी आत सोडायचं. पोटातल्या पातळ पडद्यातून ते रक्तातलं जादा पाणी आणि घाण ओढून घेई. काही तासांनी सगळं रिकाम्या पिशवीत काढून वजन करायचं. सव्वादोन किलो भरलं की जीव भांड्यात पडायचा. नवी पिशवीही ते आधी तोलून घेत. कंपनीच्या छापील दोन किलोंवर विश्वास ठेवतील तर ते काटेवाले कसले!

चार वर्षं बरी गेली. मग आकडा दोनवर आला, पुढे पावणेदोनवर. काटेवाल्यांनी काट्यालाच धारेवर धरलं. स्प्रिंग बदलली, वजनं लावून तीनदा तपासला. काटा खरा होता. तिच्या पायांची सूज गुडघ्यापर्यंत चढली होती.

"पडदा थकलाय, काका," डॉक्टरीणबाई त्यांना बाजूला घेऊन म्हणाल्या. "साखर लगेच रक्तात शिरते, मग पाणी ओढणार कोण? रक्त शुद्ध करायचं मशीन त्यांच्या हृदयाला झेपणार नाही."

"पडदा बदलून नाही मिळत?"

बाईंनी नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी येऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक काटा अर्ध्या किलोनं खोटा केला. स्वतःची इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

"आज किती?" तिनं विचारलं.

"सव्वादोन."

"खरंच?" कितीतरी दिवसांनी ती हसली.

त्या हसण्यात काटेवाले भान विसरले आणि सवयीनं नवी, सीलबंद पिशवी काट्याला अडकवली. काटा अडीचवर जाऊन थांबला.

दोघांनीही तो पाहिला.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तुम्ही काटा खोटा केलात?"

त्यांनी पिशवी काट्यावरून उतरवली.

"चाळीस वर्षांत कुणासाठी केला नाहीत." तिनं सुजलेला हात त्यांच्या हातावर ठेवला. "म्हणजे डॉक्टरीणबाईंनी हात टेकले."